पाण्याचा थेंब

फोंड्याला वरच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावर माझं क्लिनिक.
दोन खाटा, एक पडदा,
आणि भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा:
ज्याचा हात जिथवर चढला तिथे रेघ, शेजारी तारीख.

सगुण मडकईकर, कदंबचे निवृत्त ड्रायव्हर.
डावा खांदा गोठलेला.
"स्टिअरिंगान खालो," म्हणाले,
मग जरा थांबून, "चवथीक घुमट वाजोवंक जाय, बाय."
घुमटाचं मागचं तोंड डाव्या हाताने उघडायचं, झाकायचं,
तिथेच आवाज फुगतो म्हणे.

आधी चार पॅड लावले.
एक प्रवाह चार हजारांचा, दुसरा चार हजार शंभरांचा,
खांद्यात एकमेकांना छेदतात.
"शरीराला जाणवतो तो वरचा शंभर," मी म्हटलं.
"म्हणजे दोघे थोडे पुढे-मागे वाजवतात
आणि त्यातून तिसराच ठोका ऐकू येतो."
कॉलेजात मला हे समजायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं.
"मुंग्या येतात?"
"मुंग्या कसल्या, आंब्यावरचे हुमले."

मग जेल. गार, दचकलेच.
यंत्राचं डोकं गोल गोल फिरवत आठ मिनिटं.
"हा आवाजच आहे, पण कानाला नाही."
"मग कोणाला?"
"आतल्या दोरीला. हाड आणि स्नायू बांधणारी."
डोळे मिटून ते ऐकत राहिले.
घोरपडीचं कातडं गेलं, आता बोकडाचं,
पण उन्हात धरल्याशिवाय तेही बोलत नाही, असं सांगितलं,
आणि, "तसंच तापतंय बघ आतून."

मी वाचलं होतं:
या लहरींनी असा खांदा सुटतो याला पुरावा तोकडाच.
खरं काम बोटांनी भिंत चढण्याचं.
पण नुसती भिंत चढायला
मडकईहून बसचं तिकीट काढून कोण येईल?
यंत्राचा हिरवा दिवा लागतो, आकडे उतरू लागतात,
माणूस निमूट आडवा होतो.
मीही त्याच दिव्यावर भाडं भरत होते.

एका रविवारी सफाई करताना
डोकं उलटं धरून त्यावर पाण्याचा थेंब ठेवला.
चालू केलं की तो उकळल्यासारखा थरथरायला हवा.
दर आठवड्याला करायची तपासणी;
शेवटची केव्हा केली, आठवेना.

थेंब तसाच.
मात्रा वाढवली. तसाच.
त्यात खिडकी दिसत होती, उलटी, आणि समोरची सोनाराची पाटी.

जूनमध्ये वायर पायात अडकून डोकं फरशीवर पडलं होतं.
भिंतीवर पाहिलं:
जूनची रेघ दाराच्या कडीजवळ,
ऑगस्टची माझ्या डोक्याच्या वर.

सांगितलं. सगळं.
त्यांनी डोकं हातात घेतलं, बोटाच्या पेराने वाजवलं,
मडकं घेताना वाजवतात तसं, कानाशी नेलं.
"फुटलेलं नाही. मुकं आहे."
मग, "पण ती ऊब कुठून यायची?"

मला ठाऊक नव्हतं.
जेल तळहाताखाली कोमट होतं, एवढं खरं.
आणि आठ मिनिटं ते बोलत असत,
अनमोडच्या घाटात ब्रेक तापल्याचं,
धाकट्या भावाशी तीन वर्षं न बोलल्याचं,
त्याचं घुमट अजून आपल्याकडेच असल्याचं.
मी फिरवत असे.

अकरा बैठकांचे पैसे पाकिटात घालून दिले.
त्यांनी अंगठा ओला करून मोजले, खिशात ठेवले.
जिन्यावरून म्हणाले, "मंगळवारी येतां.
आणि दुरुस्त झालं की तो थेंब मला दाखव."

चवथ होऊन गेल्यावर नवं डोकं आलं.
थेंब नाचला, कडेने बारीक तुषार उडाले.
सगुणबाब चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
भाऊ आला होता का, मी विचारलं नाही.
बराच वेळ ते पाहत राहिले,
मग बोर्डावरचा वरचा खटका बंद केला,
डाव्या हाताने,
त्यांना स्वतःला कळलं की नाही कोण जाणे.